एका वेळी दोन धागे

रत्नमाला वरुटेच्या विसरण्याचा गल्लीला फार उपयोग होता. तिच्याकडून नेलेली वाटी परत करावी लागत नसे. एकदा सांगितलेलं गाऱ्हाणं तिला पुन्हा पहिल्यापासून सांगता येई आणि ती पुन्हा पहिल्यासारखंच "अगं बाई!" म्हणे. सुनेबद्दल जे बोलायचं ते बायका तिच्याच पायरीवर बसून बोलत, कारण तिथून ते पुढे जाणार नाही याची खात्री. समोरच्या शांतक्का तिला कौतुकानं 'किल्ली हरवलेली तिजोरी' म्हणत.

घरच्यांच्या वाट्याला मात्र या विसरण्यातून वेगळंच काही आलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी, दोन हजार बत्तीसच्या उन्हाळ्यात, तिची मुलगी हर्षला बाळाला घेऊन माहेरी आली होती. बाळ म्हणजे सानू, अडीच वर्षांची. इचलकरंजीच्या त्या भागात नळाला पाणी चार दिवसांनी येई, म्हणून घरोघरी अंगणात जमिनीखाली हौद आणि त्यावर लोखंडी झाकण. पाणी आलं की झाकण बाजूला करायचं, नळी आत सोडायची, हौद भरला की झाकण लावायचं. त्या दिवशी ते लावलं गेलं नाही. सानू हौदात सापडली.

कुणी उघडं ठेवलं, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. घरात विसरणारं माणूस एकच होतं. सगळ्यांनी रत्नमालेकडे पाहिलं आणि तिनं मान खाली घातली. तिला काही आठवत नव्हतं, आणि न आठवणं हाच तर तिचा गुन्हा होता. हर्षला पुण्याला गेली ती पुन्हा या घरात आली नाही. दर रविवारी ती आप्पांना, म्हणजे वडिलांना, बापूसोला, फोन करी. नऊ वर्षांत त्या फोनवर आईचं नाव निघालं नाही.

मूळ दुखणं त्याहून जुनं होतं. रत्नमाला नव्यानं सासरी आली तेव्हा शुक्रवारी माग बंद असत. आठवडाभर बारा-बारा तास उभे राहिलेले कामगार त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या एका कंपाउंडरकडे रांग लावून 'ताकदीची सुई' टोचून घेत. लाल औषध, दंडात चटका, बाहेर आलं की चहा. नवी जोडपी तर जोडीनं जात, तेवढंच फिरणं. औषधात खोट नव्हती. सुई मात्र सगळ्यांना एकच होती. ती कपातल्या कोमट पाण्यात बुचकळून कंपाउंडर पुढच्याला हाक मारी. ताकद किती आली ते कुणी मोजलं नाही. हेपाटायटिस सी मात्र जवळजवळ सगळ्या रांगेला पोचला.

हा विषाणू यकृतात वस्ती करतो. त्यावर पूर्वी जी इंजेक्शनं देत, ती घेऊन माणसं मनानं इतकी खचत की काहींना रोग बरा वाटे. पुढे गोळ्या आल्या. तीन महिन्यांत रक्त स्वच्छ. बहुतेकांचा थकवा गेला, डोकंही हलकं झालं. काहींचं मात्र झालं नाही. रिपोर्ट कोरा, यकृत ठीक, आणि माणूस तसाच मंद, उदास, हातातली वस्तू घरभर शोधणारा. डॉक्टर म्हणत, वय झालं.

वय झालं नव्हतं, हे कळायला आणखी दहा वर्षं गेली. मेंदूत पहारेकरी पेशी असतात. कचरा उचलणं आणि घुसखोर दिसला की आरडाओरडा करणं, हे त्यांचं काम. काही रुग्णांत विषाणू या पहारेकऱ्यांच्याच पोटात दडून राहिलेला सापडला. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जी गाळणी असते, तिच्यातून गोळ्यांचं औषध पुरेसं पलीकडे पोचलंच नव्हतं. पहारेकरी वर्षानुवर्षं हळू आवाजात धोक्याची घंटा वाजवत राहत आणि त्या गोंगाटात मेंदूला एका वेळी जेमतेम एकच गोष्ट धरता येई. नव्या औषधानं युक्ती केली. मेंदूला लोह लागतं, आणि लोह वाहून आणणाऱ्या प्रथिनाला ही गाळणी आपण होऊन वाट देते. औषध त्याच प्रथिनाच्या पाठीवर बसवलं. आठवड्याला एक सलाईन, सहा आठवडे.

रत्नमालेचं नाव पहिल्याच यादीत आलं. बापूसोचं आलं नाही. रांगेत तोही होताच, पण बाई विसरली की ती विसरभोळी ठरते आणि पुरुष विसरला की त्याच्या डोक्याला कामं फार असतात. बापूसो जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती करणारा. कमी बोलायचा, लवकर चिडायचा, पान्हा कुठे ठेवला म्हणून दिवसातून चारदा ओरडायचा. असे जॉबर गावात शेकड्यांनी होते. त्याला कोण तपासतो?

"मावशी, आधीच सांगते," डॉक्टर तबस्सुम मोमीन म्हणाली. ती याच गावची, मोमीन गल्लीत वाढलेली. "जे त्या काळात डोक्यात नोंदलंच गेलं नाही, ते परत येणार नाही. पण जे नोंदलेलं आहे आणि नुसतं पडून आहे, ते हाताला लागेल. आणि तिसऱ्या आठवड्यापासून रडू येईल. ते औषधाचं नव्हे हं. तुमचंच, मागं राहिलेलं."

मग तिनं फॉर्ममधला शेवटचा प्रश्न बापूसोला विचारला. तो नेहमी जवळच्या नातेवाइकाला विचारायचा असे. "काका, घरात अशी काही गोष्ट आहे का, जी यांना आत्ता बोचत नाही, पण डोकं साफ झाल्यावर बोचेल?"

बापूसोनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "नातीचं हाय. पण ते तिचं तिला ठाऊक हाय."

चौथ्या आठवड्यात रत्नमाला भाकरी थापताना रडायला लागली ती तवा जळून काळा होईपर्यंत. नऊ वर्षांपूर्वी ती रडली होती, पण ते चार बायका रडतात म्हणून. आता सानूचे दुधाचे दात, तिचा 'आजी उचल' म्हणतानाचा हात, सगळं एकदम आलं. त्यामागून आपणच तिला मारलं, हेही आलं.

पाचव्या आठवड्यात शांतक्का पायरीवर येऊन बसल्या आणि सुनेनं तूप कसं सांडलं ते सांगू लागल्या.

"हे मंगळवारी सांगितलंत की," रत्नमाला म्हणाली. "पण मंगळवारी तिनं दूध सांडलं हुतं."

शांतक्का थांबल्या. "तूपबी सांडलं असंल."

"असंल. माझ्या तीन वाट्या हायत तुमच्याकडं. एकीच्या काठाला पोचा हाय."

"बाई, औषध जरा जास्तच लागू पडलं न्हवं तुला," म्हणत शांतक्का उठल्या. वाट्या संध्याकाळी आल्या. शांतक्का पुन्हा आल्या नाहीत आणि हळूहळू त्या पायरीवर बसणंच बायकांनी सोडलं. बरं झालेलं माणूस सगळ्यांना हवं असतं, फक्त त्यानं आपल्याकडे फार बघू नये.

रत्नमालेचं काम वहिफणीचं. नवा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, मागावर चढण्याआधी त्याचा एकेक धागा तारेच्या डोळ्यातून ओढायचा आणि मग फणीच्या एकेका फटीत दोन-दोन करून बसवायचा. तीन-चार हजार धागे. एक चुकला की सगळ्या कापडात रेघ. यंत्रं आली तरी काठाच्या जुन्या साड्यांना अजून हातच लागे. आजारात तिला मागं बसून नुसता धागा पुढे करायचं काम उरलं होतं. सातव्या आठवड्यात मालकानं धागा ओढायचा लोखंडी आकडा पुन्हा तिच्या हातात दिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं फटीत एक धागा बसवला, दुसरा बोटांत धरला आणि तिचा हात तिथेच राहिला.

त्या दिवशी हौदाचं झाकण भिंतीला टेकवून उभं केलेलं होतं. हे तिनं पाहिलं होतं. सानूला बाहेर काढताना कुणाचा तरी धक्का लागून ते पडलं आणि केवढा आवाज झाला होता.

आणि ते झाकण तिला या जन्मी उचलता आलेलं नव्हतं. जाड लोखंड, दोन माणसांचं ओझं. पाणी आलं की ती ते पायानं चार बोटं सरकवायची आणि फटीतून नळी सोडायची. चार बोटांच्या फटीतून अडीच वर्षांचं मूल जात नाही. झाकण उचलून भिंतीला उभं करायचा फक्त बापूसो.

दोन्ही गोष्टी तिला नऊ वर्षं ठाऊक होत्या. एका वेळी कधीच नव्हत्या.

गल्लीलाही दोन्ही ठाऊक होत्या. आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या मेंदूत काही विषाणू नव्हता.

"काय झालं ओ काकू?" मागं धागा देणारी बाई म्हणाली.

"काय न्हाई. दे पुढचा."

आता एवढंच कळायचं राहिलं होतं, की बापूसोला ठाऊक होतं का. ठाऊक असून तो नऊ वर्षं गप्प बसला असेल तर तो एक माणूस, नसेल तर दुसरा. आपण रोज कुणाला ताट वाढतो ते तिला बघायचं होतं.

दोन दिवसांनी पाणी आलं. बापूसो उठला, झाकण उचललं, भिंतीला टेकवलं, नळी सोडली आणि खिसे चाचपले. चुना संपला होता. तो पानपट्टीवर गेला. रत्नमाला उघड्या हौदाशी जाऊन उभी राहिली. हौद भरला, पाणी काठावरून अंगणात वाहू लागलं. तिचे पाय घोट्यापर्यंत भिजले तरी ती हलली नाही. बऱ्याच वेळानं तो आला.

"हितं काय करालीस?" तो जवळजवळ ओरडला. "किती येळा सांगायचं, हौदाकडं फिरकू नगंस म्हणून? उघडा ठेवशील आन् इसरशील!"

त्यानं नळी काढली, झाकण लावलं, वर पाय देऊन नीट बसलंय का ते बघितलं. त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. काळजी होती. त्याला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी तिनं त्याला समोर बसवून सांगितलं. झाकण कुठे होतं, ते कोण उचलतं, फट केवढी असते. एकेक वाक्य, तिला पूर्वी लोक सांगत तसं, सावकाश. तो ऐकत होता. मध्येच त्याची नजर टीव्हीकडे गेली आणि परत आली.

"असंल," तो म्हणाला.

"असंल म्हंजे?"

"तू म्हणतीस तर असंल. मला काय आठवत न्हाई. वंगाळ झालं. चा टाकतीस?"

तिनं चहा टाकला. नऊ वर्षांत तिला हजार वेळा वाटलं होतं की कुणी तरी म्हणावं, तुझी चूक नव्हती. ते मिळालं होतं, आणि त्याला काही वजनच नव्हतं.

मग तिनं हर्षलाला फोन केला.

"नऊ वर्षांनी फोन केलास," हर्षला म्हणाली, "तो हे सांगायला?"

"आधी मला कळलंच नव्हतं, हर्षे."

"औषध तू घेतलंस आणि विसरभोळे आप्पा झाले. छान आहे."

"त्यास्नी विचार."

"विचारते ना." दहा मिनिटांनी तिचाच फोन आला. आवाज चिरका झाला होता. "ते म्हणाले, तुझी आई म्हणते तर असेल. आई, त्यांच्याकडून आता काहीही वदवून घेता येतं. मला कळत नाही का? तुला स्वतःला सोडवायचंय ना, सोडव. पण त्या म्हाताऱ्याच्या गळ्यात कशाला बांधतेस?"

"आणि तेच शुद्धीत येऊन म्हणाले तर?"

"तर मी येईन," हर्षला म्हणाली आणि फोन ठेवला.

बापूसोची तपासणी झाली. विषाणू मेंदूत होता. बायकोच्यापेक्षा जास्तच. सात आकडे ऐकून उलटे म्हणायचे होते, त्याला तीन जमले. डॉक्टर तबस्सुमनं त्याला समजावून सांगितलं.

"मला काय कळतंय त्यातलं," तो म्हणाला. "हिला इचारा. ही म्हणाली तर टोचा."

तबस्सुमनं त्याला बाहेर बसवलं आणि फॉर्ममधला शेवटचा प्रश्न वाचला. तो पुरता वाचून व्हायच्या आत रत्नमाला बोलायला लागली. झाकण, फट, पानपट्टी, 'असंल', हर्षला. काही लपवलं नाही.

तबस्सुमनं पेन खाली ठेवलं. "उपचार केला नाही तर विसरणं वाढत जाईल. मागावर हात जाण्याची भीती आहे. पण मावशी, ते शांत असतील. उपचार केला तर हे जे तुम्ही आत्ता सांगितलंत, ते त्यांना पहिल्यांदा खरोखर कळेल. पाच-सहा आठवडे त्यांना एकटं सोडता येणार नाही. कदाचित जास्त. आणि परतीची वाट नाही. साफ झालेला मेंदू पुन्हा मळवता येत नाही आम्हाला."

"ठाऊक हाय."

"एक विचारू? फॉर्ममध्ये नाही हे. हे त्यांच्यासाठी करताय की तुमच्यासाठी?"

रत्नमालेनं विचार केला. वर्षभरापूर्वी हे विचारलं असतं तर तिनं 'त्यांच्यासाठी' म्हटलं असतं आणि तिला ते खरंही वाटलं असतं.

"माझ्यासाठी," ती म्हणाली.

हे उत्तर कुठल्या रकान्यात लिहायचं ते तबस्सुमला कळेना, कारण उपचार तर गरजेचाच होता. बापूसोनं आत येऊन अंगठ्याच्या जागेशेजारी आपली वाकडी सही केली. खाली नातेवाइकाच्या जागी रत्नमालेनं केली.

चौथ्या आठवड्यापासून बापूसो कारखान्यात लांबूनच नुसता आवाज ऐकून कुठला माग बिघडणार ते सांगू लागला. पान्हा हरवेना. मालक खूश झाला, "बापूसो, पंचवीस वर्षांचा झालास की!" म्हणाला. बापूसो हसला नाही. घरी येऊन तो अंगणात उभा राही. त्या काळात रत्नमालेनं वहिफणीचं काम सोडलं. तो कामाला गेला की ती मागांच्या शेडबाहेर दगडावर बसून राही, आणि गल्ली म्हणे, म्हातारपणी नवऱ्याचं वेड लागलं हिला.

सहाव्या आठवड्यात, एका रविवारी सकाळी, हर्षलाचा फोन यायच्या आत त्यानं स्वतः लावला. रत्नमाला ताक घुसळत होती.

"हर्षे, झाकण मी उचललं हुतं," तो म्हणाला. "चुना आणायला गेलो. तिथं मॅच चालली हुती टीव्हीवर. बघत उभा राहिलो." फोनमधून हर्षलाचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. "न्हाई. तुझ्या आईनं न्हाई सांगितलं. मॅचचं तिला कुठनं ठाऊक असणार?"

मॅचचं रत्नमालेला खरंच ठाऊक नव्हतं. तेवढं एक त्याच्या डोक्यात नोंदलेलं होतं, नऊ वर्षं नुसतं पडून.

हर्षला शनिवारी आली. दारातच तिनं आईला मिठी मारली आणि "आई, आई" म्हणत इतकी रडली की शांतक्कासुद्धा दार लोटून आत गेल्या. दोन दिवस ती आईच्या मागं मागं फिरली. तिच्या पांढऱ्या केसांना तेल लावलं, सानूचे फोटो पहिल्यांदा बाहेर काढले, दोघींनी मिळून पाहिले. वडिलांसमोर ती चहा ठेवी, त्यांच्याकडे न बघता. सोमवारी सकाळी तिनं आईची पिशवी भरली.

"तू चल माझ्याबरोबर. कायमची. इथं काय ठेवलंय?"

रत्नमालेनं लुगडं बदललं. बापूसो आतल्या खोलीत लोखंडी कॉटवर बसला होता. समोरच्या ताटातली भाकरी कालची होती.

"जातो आमी," ती म्हणाली.

"जा." तो वर बघत म्हणाला. त्याची नजर इतकी लख्ख होती की तिला ती सोसवेना. "एक सांग. नऊ वर्षं कशी काढलीस तू?"

"मला कुठं सगळं कळत हुतं? घडीभर कळायचं, परत जायचं."

"माझं जाईना." तो शांतपणे म्हणाला, माग कुठे अडलाय ते सांगावं तसं. "जेवताना असतंय. झोपंत असतंय. कारखान्यात धाग्याधाग्याला असतंय. डाक्टरीणबाईला इचारलं मी, परत पयल्यासारखं करायचं काय औषध हाय का म्हणून."

"मग?"

"न्हाई म्हणाल्या."

बाहेर गाडी येऊन थांबली. हर्षलानं हाक मारली, मग पुन्हा मारली, मग ती आत आली. आई कॉटच्या कडेला टेकलेली आणि पिशवी जमिनीवर.

"आई, चल ना."

"तू हो पुढं, हर्षे. ह्यास्नी एकट्याला ठेवता येत न्हाई."

"त्यांनी तुला एकटं ठेवलं होतं ना, नऊ वर्षं?" हर्षलाचा आवाज चढला. "तेव्हा कोण बसलं होतं तुझ्याजवळ? मी आले ती तुझ्यासाठी. आणि तू यांच्यासाठी थांबतेस?"

रत्नमालेनं नवऱ्याचं ताट पुढे ओढलं, कालची भाकरी काढून घेतली.

"ह्यांच्या औषधाच्या कागदावर सही मी केली हुती," ती म्हणाली.